हाती बनवलेली गिटार : किंमत पोटात, रंग शेवटी

शिरोली एमआयडीसी म्हटले की फौंड्री, तापलेले लोखंड आणि काळी वाळू डोळ्यांपुढे येते. पण लोखंडाचा रस ओतण्याआधी वाळूत जो आकार उठवावा लागतो तो पॅटर्न फार वर्षे लाकडाचाच असे. तो करणारा कारागीर म्हणजे साधा सुतार नव्हे. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आटते, हे जाणून तो लाकूड तेवढे मोठे ठेवतो. साचा मोडू नये म्हणून कडेला उतार देतो. कोणते लाकूड पावसाळ्यात फुगेल आणि कोणते जागेवर राहील याचीही त्याला पारख असते. आता हे काम धातूच्या व राळेच्या पॅटर्नकडे आणि संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडे सरकत आहे. मग या हातांनी पुढे काय करावे, असा सवाल कित्येक घरांत उभा आहे.

त्या सवालाचे एक उत्तर येथे मांडत आहोत. ते म्हणजे हाताने बनवलेली गिटार. वाचकांना हे कदाचित दूरचे वाटेल. परंतु या धंद्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की नामांकित वाद्यकारांपैकी कित्येकजण मुळात वाद्यकार नव्हतेच. ते शेजारच्या धंद्यातून आले आणि येताना आपले हुनर बरोबर घेऊन आले.

मिरजेचा धडा

लांब जाण्याची गरज नाही. कोल्हापूरहून मिरज रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तेथील सतारी व तंबोरे साऱ्या देशात जातात. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी व हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी संपली आणि हातांना काम उरले नाही. मिरज संस्थानात गाण्याची कदर होती, गवई येत-जात होते आणि त्यांची वाद्ये मोडत होती. फरीदसाहेब व त्यांच्या घरच्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथम वाद्ये दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता ती उघडली, आतून पाहिली आणि मग स्वतः बनवली. पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. स्वतः वाद्यांच्या जवारीत तरबेज असलेल्या अशा गवयाच्या कानासमोर मिरजेच्या कारागिरांना आपला माल ठेवावा लागे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी दुरुस्ती, मग वाद्य, आणि नाव सर्वांत शेवटी. गिटारच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडेल.

युरोपात काय घडले तेही पाहू. आजच्या गिटारचा आकार व आतील रचना ज्याने घडवली तो स्पेनमधील अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) शिक्षणाने सुतार होता. अमेरिकेत गिटारचा मोठा कारखाना उभारणारा मार्टिन हा जर्मनीतील मार्कन्यूकिर्खेन गावचा. तेथील सारंगीसारखी वाद्ये करणाऱ्यांच्या संघटनेचा आक्षेप होता की कपाटे-टेबले करणाऱ्या सुतारांनी गिटारी करू नयेत. मार्टिनचे घराणे सुतारांच्या बाजूचे. तो १८३३ साली देश सोडून गेला. ज्यांना सुतार म्हणून हिणवले, त्यांच्यातल्याच एकाचे नाव आज गिटारवर आहे.

गिटार या वाद्याचे नातेही आपल्याला अगदी परके नाही. अंदलुसच्या काळात अरबांचा ऊद स्पेनमध्ये वाजत होता आणि युरोपचे ल्यूट हे वाद्य त्यापासूनच आले. 'ऊद' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी लाकूड असा आहे.

डब्यावरचा भार

कारागिराने गिटारकडे वाद्य म्हणून पाहण्याआधी भार पेलणारी वस्तू म्हणून पाहावे. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा मिळून ओढ सुमारे ७० ते ७५ किलो असतो. नायलॉन तारांच्या गिटारमध्ये तो ४० किलोच्या आसपास भरतो. हा ओढ रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू असतो. आणि तो पेलणारी वरची फळी किती जाड? पोलादी तारांसाठी अडीच ते तीन मि.मी., नायलॉनसाठी दोन ते अडीच मि.मी. एवढ्या पातळ फळीने तुटू नये, वाकू नये आणि शिवाय थरथरून आवाज द्यावा, अशी आपली अपेक्षा असते.

फळी जाड ठेवली तर ती शंभर वर्षे टिकेल, पण बोलणार नाही. पातळ केली तर बोलेल, पण दोन वर्षांत घोडीजवळ पोट फुगेल. सारी कारागिरी या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत आहे.

आवाज मुख्यतः वरच्या फळीतूनच येतो, हे तोरेसने १८६२ साली दाखवून दिले. त्याने एक गिटार अशी केली की तिची वरची फळी लाकडाची आणि मागची व बाजूची अंगे चक्क पुठ्ठ्याची. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. याचा अर्थ मागचे लाकूड बिनमहत्त्वाचे असा नव्हे. अर्थ इतकाच की वरची फळी बिघडली तर मागचे महागडे शिसवी लाकूड ती गिटार वाचवू शकत नाही.

फळीची निवड

वरच्या फळीला स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर वापरतात. दोन्ही हलकी, सरळ तंतूंची आणि थंड मुलुखातली लाकडे आहेत. व्यापाऱ्याने येथे नावांपासून सावध राहावे. मिरजेत सतारीला लागते ते तून, आणि परदेशी गिऱ्हाइकाला माल दाखवताना तिलाही 'रेड सीडर' म्हणतात. हिमालयातील देवदारालाही इंग्रजीत सीडरच म्हणतात. ही तीन वेगवेगळी झाडे आहेत. त्यामुळे नावावर सौदा न करता नमुना हातात घेऊन सौदा करावा.

कापड घेताना आपण ताणा-बाणा पाहतो. फळी घेताना तसेच तंतू पाहावेत. फळीच्या टोकाकडून पाहिले असता वार्षिक रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. अशी उभ्या रेषेची फळी आडव्या रेषेच्या फळीपेक्षा रुंदीत साधारण निम्मीच आकसते. रेषा लांबीला समांतर असाव्यात, गाठ अजिबात नसावी. एकाच फळीचे जाडीतून दोन काप करून पुस्तकाच्या पानांसारखे उघडावेत आणि मधोमध जोडावेत. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच स्वभावाच्या राहतात.

फळी कोरडी झाली की नाही हे हाताच्या अंदाजाने ठरवू नये. दर आठवड्याला वजन करून फळीवरच तारखेसह लिहावे. वजन उतरायचे थांबले म्हणजे ती तयार झाली. एक इंच जाड फळीला सावलीत, खेळत्या हवेत साधारण वर्ष लागते. हे वर्ष म्हणजे अडकलेले भांडवल, हे खरे. पण या धंद्यात सब्र हाच कच्चा माल आहे.

आतील पट्ट्या : खरी कारागिरी

आता मुख्य विषय. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला बारीक लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांना ब्रेस म्हणतात. गिऱ्हाइकाला त्या दिसत नाहीत. परंतु गिटार टिकेल की नाही आणि बोलेल की नाही हे बव्हंशी त्यांवरच ठरते. मिरजेच्या सतारीत असे जाळे नसते. तेथे तबलीलाच बाहेरून बाक दिलेला असतो व ती जाडही असते. गिटारची फळी मात्र जवळजवळ सपाट, म्हणून तिला आतून आधार लागतो. मांडणीचे मुख्य प्रकार चार.

१. शिडीची मांडणी : पट्ट्या आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सर्वांत सोपी आणि जुनी. स्वस्त गिटारींत आढळते. तारांच्या ओढीच्या दिशेने आधार कमी पडत असल्याने पोलादी तारांखाली फळी लवकर वाकते.

२. पंख्याची मांडणी : घोडीच्या भागात पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. तोरेसने ही रचना पक्की केली. त्याच्या वाद्यांत बहुधा सात काड्या असत. नायलॉन तारांच्या गिटारसाठी आजही हीच चालते.

३. फुलीची मांडणी : दोन मुख्य पट्ट्या आवाजाच्या भोकाखाली एकमेकींना छेदतात आणि त्यांचे पाय घोडीच्या दोन्ही टोकांखालून जातात. मार्टिनच्या कारखान्यात ही १८४० च्या दशकात आली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे १९२० च्या दशकापासून पोलादी तारांचा जमाना आला तेव्हा तिची खरी ताकद कळली. पोलादी तारा लावायच्या असतील तर नवशिक्याने हीच मांडणी घ्यावी.

४. जाळीची मांडणी : ऑस्ट्रेलियातील ग्रेग स्मॉलमन याने १९८० च्या दशकात गाजवलेली. बाल्सा लाकूड व कार्बन तंतूंची बारीक जाळी आणि तिच्यावर अतिशय पातळ फळी. आवाज मोठा येतो, पण हे काम पहिल्या दहा गिटारींत हाती घेऊ नये.

पट्टी कशी काढावी? करवतीने कापण्याआधी लाकूड पटाशीने फाडून घ्यावे. फाट तंतूंच्या वाटेने जाते, त्यामुळे तंतू पट्टीभर अखंड राहतात. करवत तंतू मधेच तोडू शकते. पट्टीतील रेषाही उभ्याच असाव्यात.

आता एक हिशेब, जो पॅटर्नवाल्यांना लगेच पटेल. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर मात्र आठपट होतो. फुलीच्या मुख्य पट्टीची रुंदी ८ मि.मी. आणि उंची छेदाजवळ १५ मि.मी.च्या आसपास असते. समजा ही उंची १२ मि.मी. केली. केवळ ३ मि.मी. लाकूड गेले, पण ताठपणा जवळजवळ निम्मा झाला. तेवढाच परिणाम रुंदीत हवा असेल तर पट्टीचे अर्धे लाकूड काढावे लागेल. म्हणून रंधा उंचीवर चालवताना प्रत्येक फेरीनंतर थांबावे. फळीच्या कडेला दोन बोटांत धरून घोडीच्या जागी गाठीने टकटक करावी. आवाज आखूड व बोदा आला तर अजून लाकूड जास्त आहे. तो मोकळा व लांबणारा झाला की हात आवरावा. काढलेले लाकूड परत बसवता येत नाही.

पावसाळ्यात सरस लावू नये

कोल्हापूरच्या कारागिराला सर्वांत मोठा धोका हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथे हवेतील ओलावा ८० टक्क्यांवर असतो, तर गिटार बनवायला ४५ ते ५० टक्के ओलावा योग्य मानतात. ओल्या हवेत फुगलेल्या ४०० मि.मी. रुंद फळीवर पट्ट्या चिकटवल्या आणि ती गिटार कोरड्या मुलुखात किंवा वातानुकूलित खोलीत गेली, तर फळी रुंदीत तीन-चार मि.मी. आकसू पाहते. म्हणजे ओतीव लोखंडाइतकीच, सुमारे एक टक्का. पण आतल्या पट्ट्यांचे तंतू आडवे गेलेले असतात आणि लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही. पट्टी फळीला आकसू देत नाही, आणि फळी मधोमध तडकते.

उपाय साधा आहे. ओलावामापक घ्यावा, तो फार महाग नसतो. फळी-पट्ट्या जोडण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत उरकावे. पावसाळ्यात मान कोरणे, घोडी घडवणे, साचे व शिकंजे तयार करणे ही कामे करावीत. पावसाळ्यातही जोडकाम करायचे असेल तर लहानशी बंद खोली करून तेथे ओलावा काढणारे यंत्र चालवावे.

जोडण्यासाठी जनावराच्या कातड्या-हाडांचा गरम सरस उत्तम. तो कडक सुकतो आणि दुरुस्तीच्या वेळी उष्णता व पाण्याने सुटतो. बाजारातील साधा पांढरा गोंद उन्हात व सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो. तो फर्निचरला चालेल, पण गिटारच्या घोडीखाली नको.

पडदे : येथे अंदाज चालत नाही

सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले असतात. तारेची लांबी ६५० मि.मी. धरली तर ती १७.८१७ ने भागावी. पहिला पडदा ३६.४८ मि.मी. वर येतो. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागावी, की दुसरा पडदा मिळतो. असे करत गेल्यास बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३२५ मि.मी. वर पडतो. पूर्वीचे कारागीर सोपे म्हणून अठराने भागत. तसे केल्यास बाराव्या पडद्यापर्यंत सव्वादोन मि.मी. हून अधिक फरक साठतो आणि गिटार बेसूर बोलते. प्रत्येक माप आधीच्या पडद्यापासून न घेता मानेच्या टोकापासूनच घ्यावे, म्हणजे चुका साठत नाहीत. ही शिस्त शिरोलीच्या कारागिराला कोणी वेगळी शिकवण्याची गरज नाही.

रंग शेवटी

गिऱ्हाईक दुकानात शिरते तेव्हा प्रथम रंग पाहते. कारागिराने मात्र रंगाकडे सर्वांत शेवटी जावे. स्प्रूस नवा असताना पांढुरका असतो. उजेडात वर्षे गेली की त्याला मधाचा रंग येतो. सीडर सुरुवातीपासूनच तपकिरी, तर तून विटकरी तांबूस. शिसवीत जांभळट-तपकिरी रंगावर काळ्या रेघा असतात आणि उजेडाने तिचा जांभळटपणा उतरून तपकिरी उरतो. म्हणून शिसवीची फळी विकत घेताना ताजा रंधा मारून पाहावा. जुन्या पृष्ठावरून आतला रंग कळत नाही.

शिसवीचे आणखी दोन स्वभाव ध्यानात ठेवावेत. एक, ती तेलकट असल्याने सरस लावण्याआधी स्पिरिटने पुसून घ्यावी. दुसरा, स्पिरिट पॉलिश लावताना तिचा रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या फळीवर व कडेवर जांभळे डाग पडतात. कच्च्या रंगाचे कापड पहिल्या धुण्यात शेजारच्या कपड्याला रंगवते, तसेच हे आहे. पांढऱ्या फळीवर आधी पॉलिशचा पातळ थर देऊन ती बंद करावी आणि मग शिसवीकडे वळावे.

पॉलिशसाठी चपडा लाख सर्वोत्तम. ही लाख आपल्याच देशातून, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून, जगभर जाते. स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने शेकडो पातळ हात द्यावेत. थर जितका पातळ तितकी फळी मोकळी. जाड चकचकीत थर खरचटे लपवतो आणि आवाजही दाबतो.

बोटांच्या फळीला काळा रंग हवा असेल तर कापड रंगवणाऱ्यांची जुनी युक्ती कामी येते. हिरड्याचे पाणी लाकडाला पाजावे, वाळू द्यावे, आणि वर सिरक्यात गंजवलेल्या लोखंडाचे पाणी फिरवावे. रंग लाकडाच्या आत धरतो, बोटांना लागत नाही. मात्र रंगवलेले लाकूड आबनूस म्हणून विकू नये. बिलावर 'रंगवलेले' असे लिहून द्यावे. परदेशी गिऱ्हाईक फळी घासून पाहते आणि एकदा गेलेला भरवसा परत येत नाही.

शिसवी आणि कायदा

व्यापाऱ्यांनी हा भाग वगळू नये. गिटारच्या मागच्या व बाजूच्या अंगांसाठी जगात पूर्वी ब्राझीलची रोझवूड चाले. ती दुर्मिळ झाली तेव्हा मार्टिनने १९६९ पासून आपली भारतीय शिसवी घेतली आणि इतरांनीही तेच केले. पश्चिम घाटातले झाड अशा रीतीने जगभरच्या गिटारींत गेले. ब्राझीलच्या लाकडाचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळजवळ बंद आहे. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातभाईंवर परवान्याची अट आली आणि वाद्यांचा व्यापार अडला. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग त्या अटीतून वगळले गेले. कच्च्या लाकडाला सवलत नाही.

यात कारागिराचा फायदा आहे. लाकूड विकणाऱ्यासमोर अडथळे आहेत, तयार वाद्य विकणाऱ्याला त्या मानाने वाट मोकळी आहे. पण त्यासाठी शिसवी वनखात्याच्या लिलावातून वा अधिकृत व्यापाऱ्याकडून, बिल व वाहतूक पास घेऊन आलेली असावी. बिनकागदी स्वस्त ओंडका पुढे फार महाग पडतो. मानेवरच्या तारांच्या टेकणीला व घोडीवरच्या पट्टीला हस्तिदंत कदापि वापरू नये, जनावराचे हाड उत्तम काम देते.

सुरुवात कोठून करावी

एक गिटार हाताने करायला साधारण शंभर ते दीडशे तास लागतात. कारखान्यातील स्वस्त गिटारींशी भावात स्पर्धा करू गेल्यास नुकसान ठरलेले. हाताने केलेल्या गिटारचे गिऱ्हाईक वेगळे असते, ते थोडे असते, आणि ते नाव पाहून येते. आणि नाव मिरजेप्रमाणे दुरुस्तीतूनच येते.

म्हणून पहिले वर्ष दुरुस्तीला द्यावे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, गोवा या टापूत गिटारी पुष्कळ आहेत. उखडलेल्या घोड्या, झिजलेले पडदे, तडकलेल्या फळ्या, सुटलेल्या पट्ट्या ही कामे मिळतात, भांडवल थोडे लागते आणि पैसा रोख येतो. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गिटारच्या भोकातून लहान आरसा व दिवा घालून आतील मांडणी पाहावी. पट्ट्यांची मापे व फळीची जाडी वहीत उतरावी, आणि ती गिटार कोठे व का हरली तेही लिहावे. वर्षाअखेर ती वही शाळेइतके शिकवते. दरम्यान स्वतःच्या फळ्या सावलीत सुकत राहतील आणि दर आठवड्याला वजन लिहिले जाईल. एखाद्या शागीर्दाने महिनाभर मिरजेच्या कारागिरांकडे बसून कान तयार करून घेतला तर सोन्याहून पिवळे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पहिली गिटार घ्यावी. पोलादी तारांची, फुलीच्या मांडणीची, मागे व बाजूला साधे सुकलेले लाकूड, शिसवी नव्हे. ती विकण्याची घाई करू नये. तारा चढवून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा दुकानात टांगून ठेवावी. घोडीजवळ फळी किती उचलली ते दर महिन्याला सरळ पट्टी लावून मोजावे. दोन्ही मोसम तिने सोसले, की त्याच मापांवर शिसवीची गिटार करायला हरकत नाही.